कपाटावरची गिटार

(मंडळाच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी संध्याकाळी केलेले भाषण. संपादकांच्या आग्रहावरून नंतर लिहून काढले.)



सांस्कृतिक सचिवांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटले, "गिटारचे टॅब आणि कॉर्ड कसे वाचावेत." ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "पण तुम्ही तर रूळ बघता ना?"

खरे आहे. सिव्हिलचा डिप्लोमा करून मी रेल्वेत आलो आणि पंचवीस वर्षे रूळच बघतो आहे. पण कॉर्ड हा शब्द मला नवा नाही. आपले धनबाद ज्या मार्गावर आहे तो ग्रँड कॉर्ड, १९०६ साली सुरू झालेला, हावडा-दिल्ली अंतर कमी करणारा. शिवाय रुळाचे वळण तपासताना आम्ही २० मीटरची दोरी रुळाला ताणून धरतो आणि दोरीच्या मधोमध दोरी व रूळ यांत किती मिलिमीटर अंतर आहे ते मोजतो. त्या दोरीच्या लांबीलाही कॉर्डच म्हणतात. वळणाची त्रिज्या १००० मीटर असेल तर ५० मिलिमीटर भरतात. तेव्हा ताणलेली तार आणि तिच्यावरचे आकडे एवढे भांडवल माझ्याजवळ होते. संगीताचे म्हणाल तर घरी आजोबांची पेटी होती आणि मला तिच्यावर सा कुठला ते माहीत होते. बस्स.

गिटार माझी नव्हे, मुलाची. २०१९ साली तो दहावीत होता. चाचणी परीक्षेत गणिताचे गुण घसरले. त्या दिवशी मी रात्रीचा ब्लॉक संपवून घरी आलो होतो, डोके ठिकाणावर नव्हते. मी गिटार त्याच्या हातातून घेतली, कपाटावर ठेवली आणि म्हटले, "बोर्डाची परीक्षा झाली की बघू." परीक्षा झाली. मग अकरावी आली, मग प्रवेश परीक्षा आल्या. त्याने गिटार पुन्हा मागितली नाही आणि मीही दिली नाही. २०२२ साली तो इंजिनिअरिंगला बंगळूरला गेला.

२०२४ च्या दिवाळीच्या साफसफाईत गिटार खाली काढली. खाली एक शंभर पानी वही होती. पानोपानी सहा सहा आडव्या रेघा आणि त्यांच्यावर आकडे. मला आकडे दिसले की ते काय सांगतात हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी असा विद्यार्थी झालो.

आता मुख्य विषयाकडे येतो. सहा रेघा म्हणजे गिटारच्या सहा तारा. रेघेवरचा आकडा म्हणजे त्या तारेवर कितव्या फ्रेटमागे बोट दाबायचे ते. फ्रेट म्हणजे आपल्या सतारीचा पडदा. शून्य असेल तर तार मोकळी छेडायची. आकडे डावीकडून उजवीकडे वाचायचे; एकाखाली एक असतील तर त्या तारा एकदम वाजवायच्या. यालाच टॅब म्हणतात. युरोपात सोळाव्या शतकातही ल्यूट नावाच्या तंतुवाद्यासाठी असेच लिहीत असत.

यात मी दोन चुका केल्या, त्या तुम्ही करू नका. पहिली, आकडा म्हणजे बोटाचा क्रमांक असे मी समजलो. 'सात' आला तेव्हा हाताकडे पाहत बसलो. दुसरी चूक मोठी. गिटार धरली की जाड तार सर्वांत वर असते, म्हणून वरची रेघ जाड तारेची असे मी धरून चाललो. आठ दिवस सगळे उलटे वाजवले. शेजारचे दासबाबू फार सज्जन, काही बोलले नाहीत. फक्त खिडकी लावू लागले. वरची रेघ ही सर्वांत बारीक तारेची असते. गिटार मांडीवर आडवी ठेवून वरून बघा. बारीक तार तुमच्यापासून सर्वांत लांब, म्हणजे कागदावर सर्वांत वर दिसेल.

कॉर्डचा तक्ता मात्र उभा असतो. गिटार भिंतीला टेकवून समोरून पाहावी तसा. उभ्या रेघा तारांच्या, डावीकडची जाड. आडव्या रेघा फ्रेटच्या. ठिपका असेल तिथे बोट. तारेच्या डोक्यावर गोल असेल तर ती मोकळी वाजवायची, फुली असेल तर अजिबात वाजवायची नाही. बोटांचे क्रमांक इथे येतात: तर्जनी एक, करंगळी चार.

कॉर्ड म्हणजे तीन किंवा अधिक वेगळे स्वर एकदम. पेटीवर पांढरी एकला सा धरून सा, ग, प एकत्र दाबा, 'सी' हा कॉर्ड झाला. पांढरी सहाला सा धरा आणि ग कोमल करा, 'ए मायनर' झाला. गिटारच्या मोकळ्या ताराही पेटीवर जुळवता येतात. जाड तारेपासून पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि शेवटी वरच्या सप्तकात पुन्हा पांढरी तीन. ही पहिल्या तारेच्या दोन सप्तके वर. आधी तारा जुळवा, मगच टॅब उघडा. तारा लागलेल्या नसतील तर बरोबर आकडाही चुकीचा स्वर देतो.

सुरुवात 'ई मायनर'पासून करावी. दोनच बोटे लागतात, चौथ्या आणि पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटमागे, आणि सहाही तारा वाजवता येतात. बोट फ्रेटच्या अगदी जवळ, पण मागे दाबावे. दूर दाबले तर तार खरखरते. मग 'ए मायनर', मग 'सी'. कठीण काम कॉर्ड धरण्याचे नाही, बदलण्याचे आहे. मी घड्याळ लावून मोजत असे. पहिल्या आठवड्यात मिनिटाला सहा बदल होत. महिन्याने सव्वीस झाले. तोवर बोटांच्या टोकांना घट्टे पडले आणि दुखणे थांबले.

इंजिनिअर असल्यामुळे मी टेप घेऊन फ्रेटही मोजले. आमचे स्लीपर सारख्या अंतरावर असतात, किलोमीटरला १६६० धरले तर सुमारे ६० सेंटिमीटरवर एक. फ्रेट तसे नसतात. माझ्या गिटारची तार ६५० मिलिमीटर भरली. पहिला फ्रेट ३६.५ वर, दुसरा त्यापुढे ३४.४ वर, असे अंतर कमी होत जाते आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२५ वर येतो. तिथे तीच तार वरच्या सप्तकात बोलते. हे कळले त्या रात्री मी बायकोला उठवून सांगितले. तिने ते फारसे मनावर घेतले नाही.

आता टॅबमधली उणीव सांगतो, कारण माझी खरी गोष्ट तिथेच आहे. भातखंडे किंवा पलुसकर यांच्या स्वरलिपीत ताल असतो, मात्रा असतात, सम कुठे ते कळते. साध्या, हाताने लिहिलेल्या टॅबमध्ये यातले काही नसते. बोट कुठे ठेवायचे ते टॅब सांगतो. स्वर किती वेळ धरायचा ते सांगत नाही. स्टेशनांची यादी आहे, पण वेळापत्रक नाही, असा प्रकार. म्हणून टॅब वाचणाऱ्याच्या कानात ते गाणे आधीपासून असावे लागते.

वहीच्या शेवटच्या पानावर एक टॅब होता. बाकी सगळ्या पानांवर गाण्यांची नावे होती. याच्यावर फक्त 'बाबा' असे लिहिले होते. मी आकडे वाजवले, सगळे एकाच गतीने, मालगाडी लूप लाइनला घ्यावी तसे. काही उलगडा होईना. चार दिवस तेच चालले होते. पाचव्या दिवशी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, हे तर तुमचंच गाणं. सकाळी बूट घालताना शीळ घालता ते."

मी थांबलो. पुन्हा वाजवले, या वेळी शीळ घालतो तसे, जिथे लांबवतो तिथे लांबवून. तेच होते. मी शीळ घालतो हेच मला माहीत नव्हते, मग कोणी ती ऐकून, तार-तार शोधून लिहून ठेवत असेल हे कुठून माहीत असणार?

रात्री त्याला फोन लावला. वही सापडल्याचे सांगितले. तो म्हणाला, "हो, दहावीत लिहिलं होतं. तुमच्या वाढदिवसाला वाजवून दाखवणार होतो." माझा वाढदिवस नोव्हेंबरात असतो. गिटार ऑक्टोबरात कपाटावर गेली होती. मी म्हटले, "माझं चुकलं रे." तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा, तिसऱ्या ओळीत तुम्ही दोनवर बोट ठेवता की तीनवर? मला तिथे नेहमी शंका होती." मी गिटार घेऊन फोनजवळ वाजवून दाखवले. तीन होते. त्याने बंगळूरला बसून आपल्याजवळच्या कागदावर ते दुरुस्त केले.

म्हणजे कागद त्याच्याजवळही होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तो आला, तेव्हा आम्ही दोघे बसलो. मी कॉर्ड धरले, त्याने सूर वाजवला. माझा बदल दर वेळी अर्धी मात्रा उशिरा पडे आणि तो माझ्यासाठी थांबे. "बाबा, सिग्नल पडलाय, या," म्हणे. गणिताचे गुण त्या चाचणीत किती पडले होते ते मला आता आठवत नाही. त्यालाही विचारले, त्यालाही आठवत नाही.

इथे बसलेल्या पालकांना उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. परीक्षा असतात, काळजी असते, मलाही होती. पण कपाटावर काही ठेवलेच असेल, तर परत काढून द्यायची तारीखही ठरवा, आणि त्या तारखेला मुलाने मागण्याची वाट पाहू नका. आणि ज्यांना स्वतः शिकायचे आहे त्यांनी वय मोजू नये. रविवारी सकाळी माझ्या क्वार्टरवर या. पेटी आहे, गिटार आहे, चहा आहे. दासबाबूंनीही खिडकी आता उघडी ठेवायला सुरुवात केली आहे.

आज आरतीनंतर, पंधरा मिनिटे दिली आहेत त्यातली चार घेऊन, मी ते शेवटचे पान वाजवणार आहे. चुकले तर सांभाळून घ्या. एवढे बोलून मी माझे दोन शब्द पुरे करतो.

गणपती बाप्पा मोरया!