जरी-टिकल्यांची लक्ष्मी

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



बँकेतला माणूस बोलायला उभा राहिला की ठेवी आणि व्याजदर निघणार, अशी धास्ती असते. घाबरू नका. आजही लक्ष्मीबद्दलच बोलणार आहे, पण तसबिरीतल्या.

आपल्यातल्या अनेकांच्या गावच्या घरी अशी लक्ष्मी किंवा सरस्वती असे. चित्र छापील, पण साडी खऱ्या कापडाची, काठ जरीचा, दागिने टिकल्या-मण्यांचे. चेहरा आणि हात तेवढे छापातले.

ही चित्रं आली कुठून? पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा काढली. १८९४ मध्ये राजा रविवर्मांनी मुंबईत छापखाना घातला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला.

काम शिळाछापाचं. दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा. शाई तेलकट रेघेला धरते, ओल्या जागेला नाही. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा! कागद केसभर सरकला की देवीच्या ओठांचा रंग हनुवटीवर. वरून वार्निश दिलं की तैलचित्राचा भास व्हायचा.

या कागदाने मोठं काम केलं. ज्यांना देवळाच्या पायरीशीच अडवलं जाई, त्यांच्याही भिंतीवर देव आला. दर्शनाला कुणाची परवानगी लागेना.

चित्राखाली छापखान्याचं नाव असतं. जर लावणाऱ्या हातांचं मात्र कुठेच नसतं. अनेक घरांत हे काम बायकांनी केलं. एकाच छापाच्या दोन लक्ष्म्या घ्या, टिकल्या लावल्यावर दोघी वेगळ्या दिसतात. त्या बाईची सही म्हणायची ती एवढीच.

घराचं रंगकाम निघालं की अशा तसबिरी पिंपळाखाली जाऊन बसतात. कुणाच्या श्रद्धेबद्दल मला बोलायचं नाही. जागेची अडचणही मला कळते. पण टाकण्याआधी घरातल्या सर्वांत वडील बाईला एकदा विचारा, ‘ही कुणी सजवली?’ ते सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत.

ठेवणार असाल तर ओलीची भिंत आणि ऊन टाळा. काच कोरड्या फडक्याने पुसा, पाणी कडेने आत शिरतं. चित्र काचेला चिकटलं असेल तर ओढू नका. लॅमिनेशन तर नकोच, टिकल्या चिरडतात.

नोकरीभर मी खातेदारांना सांगत आलो, नॉमिनेशन भरा, नाव लिहून ठेवा. आज तेच सांगतो. तसबिरीच्या पाठच्या पुठ्ठ्यावर एक चिठ्ठी लावा : कुणी सजवली, कुठल्या गावी, कुणाच्या लग्नात आली. माहीत असेल तेवढंच लिहा. नातवंडांना वारसा कशाचा मिळाला, ते तरी कळेल.