गुलाबी, पिवळी आणि तांबडी

सायकल शर्यत म्हटली की आपल्याकडे पहिल्यांदा आठवते ती मुंबई-पुणे शर्यत आणि तिच्यातला बोरघाट. घाटाच्या पायथ्याशी एकत्र असलेला जथा माथ्यावर पोहोचेपर्यंत कसा विस्कटून जातो, हे ज्यांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिलंय त्यांना माझं आजचं बोलणं समजायला जड जाणार नाही. फक्त मनातल्या मनात तो घाट दुप्पट-तिप्पट उंच करा, तसे तीन-चार घाट एका दिवसात घाला, मध्ये सपाटीचे दोनदोनशे किलोमीटरचे दिवस पेरा आणि हे सगळं तीन आठवडे चालू ठेवा. युरोपातल्या मोठ्या शर्यती या अशा असतात.

अशा शर्यती तीन. मे महिन्यात इटलीची जिरो, जुलैमध्ये फ्रान्सची टूर आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये स्पेनची वुएल्टा. प्रत्येकीत एकवीस टप्पे आणि विश्रांतीचे बहुधा दोन दिवस. अंतर साधारण सव्वातीन ते साडेतीन हजार किलोमीटर. तिन्हींचा जन्म वृत्तपत्रांच्या कचेरीत झाला, हे रविवारची पुरवणी चाळणाऱ्यांना ऐकायला आवडेल. खप वाढावा म्हणून १९०३ मध्ये एका फ्रेंच क्रीडा दैनिकानं टूर सुरू केली. त्याचा कागद पिवळा, म्हणून पुढे आघाडीवीराची जर्सी पिवळी झाली. इटलीतलं दैनिक गुलाबी कागदावर छापलं जाई, आजही जातं, म्हणून तिथली जर्सी गुलाबी. स्पेनची जर्सी बरेच रंग बदलून २०१० पासून तांबडी झाली आहे.

आता प्रश्न असा. एकाच हंगामात यांतल्या एकीहून अधिक शर्यतींत एखादा सायकलपटू विजेतेपदासाठी झुंजू शकतो का? नुसती पूर्ण करणं वेगळं. तिन्ही पूर्ण करणारे पुष्कळ आहेत. ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅडम हॅन्सननं तर २०११ ते २०१८ या काळात लागोपाठ वीस मोठ्या शर्यती पूर्ण केल्या. पण झुंजणं म्हणजे रोज शेवटच्या घाटावर पहिल्या चार-पाचांत असणं, आणि एकही दिवस वाईट न जाऊ देणं.

आकडे पाहिले तर उत्तर ‘हो’ असं आहे. जिरो आणि टूर एकाच वर्षी जिंकण्याचा पराक्रम आजवर आठ जणांनी केला. पहिला फाउस्तो कोप्पी, १९४९ मध्ये. मग जाक आंकेतिल, एडी मर्क्स, बर्नार इनो, स्टीफन रोश, मिगेल इंदुराइन, मार्को पांतानी. मर्क्सनं तर तीनदा. पांतानीचं वर्ष १९९८. त्यानंतर पंचवीस वर्षं कुणालाही हे जमलं नाही आणि २०२४ मध्ये स्लोव्हेनियाच्या तादेइ पोगाचारनं ते केलं. मला रस आहे तो मधल्या पंचवीस वर्षांत. सायकली हलक्या झाल्या, आहारशास्त्र पुढे गेलं, प्रशिक्षक संगणक घेऊन बसू लागले, आणि तरीही आजोबांना जमलेली गोष्ट नातवांना जमेना. हे कसं?

पहिलं कारण आपल्या सगळ्यांच्या पोटात आहे. टूरमधल्या सायकलपटूंच्या शरीरात दिवसाला किती ऊर्जा खर्च होते, याचं मोजमाप डच संशोधकांनी १९८० च्या दशकात केलं. नुसतं पडून राहायला जेवढी लागते, तिच्या साधारण चौपट ते पाचपट निघाली. पुढे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, महिनोन्‌महिने रोज धावणाऱ्यांचा विचार करून असं दिसलं की माणसाचं आतडं दीर्घकाळ साधारण अडीचपटच पुरवठा करू शकतं. त्यावरचा खर्च शरीराच्या साठ्यातून होतो. तीन आठवडे कर्ज काढून जगता येतं. पण ते फेडायला वेळ लागतो आणि पाच आठवड्यांत पुन्हा सावकाराच्या दारात उभं राहायचं असतं.

पण एवढ्यानं कोडं सुटत नाही, कारण कोप्पीचं आतडंही माणसाचंच होतं. आणि पूर्वी तर मधला अवकाश याहून कमी असे. १९९४ पर्यंत वुएल्टा वसंतात, जिरोच्या आधी व्हायची. १९७३ मध्ये मर्क्सनं आणि १९८१ मध्ये जोव्हानी बात्ताल्यिननं वुएल्टा आणि जिरो अशा दोन्ही जिंकल्या, तेव्हा मध्ये पुरता आठवडाही नव्हता. माझा अंदाज असा की ही अडचण नव्हती, सोय होती. अंगात एकदा रग आली की ती सहा-सात आठवडे टिकवता येते. जिरो आणि टूरमध्ये साधारण पाच आठवडे असतात. एवढा वेळ रग टिकवायला फार लांब आणि थकवा काढून नव्यानं उभं राहायला फार तोकडा. सायकलपटूला शिखरावरून खाली उतरून लगेच दुसरं शिखर चढावं लागतं.

दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. पूर्वी सगळेच थकलेले असत. मर्क्सच्या काळात नामांकित सायकलपटू फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत शर्यती खेळायचे, शिवाय पैशासाठी गावोगावच्या जत्रेतल्या शर्यती. त्यामुळे टूरमध्ये भिडणारे दोघेही दमलेलेच. पुढे वर्षभराची आखणी एकट्या टूरभोवती करण्याची पद्धत आली. लान्स आर्मस्ट्राँगनं १९९९ ते २००५ या सात वर्षांत टूरच्या आधी जिरो एकदाही खेळली नाही. उत्तेजकांमुळे त्याची ती सातही विजेतेपदं २०१२ मध्ये रद्द झाली, पण त्याच्या वेळापत्रकाची नक्कल मात्र सगळ्यांनी केली. मे महिन्यात कुठल्या तरी उंच डोंगरावर विरळ हवेत सराव करायचा, जूनमध्ये एक आठवड्याची शर्यत आणि मग टूर. जिरो खेळून आलेल्या माणसापुढे असे ताजेतवाने पाच-सहा जण उभे असतात. तो तितकाच चांगला असला तरी चालत नाही. त्याला त्यांच्याहून बराच चांगला असावं लागतं.

याची परीक्षा २०१५ मध्ये झाली. अल्बेर्तो कोंतादोर ठरवून दोन्हींसाठी उतरला. जिरोत तो पडला, खांदा निखळला, तरी खेळत राहिला. मोर्तिरोलो घाटाआधी त्याचं चाक पंक्चर झालं आणि घाटावर एकामागून एक माणसं गाठत त्यानं केलेला पाठलाग आजही पाहावासा वाटतो. पण शेवटून दुसऱ्या दिवशी फिनेस्त्रेच्या कच्च्या रस्त्यावर तो कोलमडला आणि दोन मिनिटांहून जास्त वेळ गमावला. आधीची आघाडी होती म्हणून गुलाबी जर्सी वाचली. जुलैत टूरमध्ये तो पाचवा आला. घाटात ते दोन-तीन टक्के कुठून आणायचे, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

२०१८ मध्ये जागतिक फुटबॉल स्पर्धेमुळे टूर आठवडाभर उशिरा सुरू झाली, म्हणजे मधली सुटी सहा आठवड्यांची. त्या वर्षी ख्रिस फ्रूमनं जिरो जिंकली. तीही कशी, तर तीन मिनिटांहून जास्त मागे असताना त्याच फिनेस्त्रेवरून ऐंशी किलोमीटर एकट्यानं पुढे राहून. दुसरा आला टॉम डुमुलाँ. मग टूरमध्ये डुमुलाँ पुन्हा दुसरा आणि फ्रूम तिसरा. पहिला आला जिरो न खेळलेला जेरेंट थॉमस, फ्रूमच्याच संघातला. ज्यांना हे अशक्य वाटतं त्यांना मी हे वर्ष दाखवतो आणि ज्यांना सोपं वाटतं त्यांनाही हेच.

थोडक्यात, पहिली शर्यत जिंकली की नाही यापेक्षा ती किती महाग पडली, यावर दुसरीचं भवितव्य ठरतं. इंदुराइनला हे पक्कं ठाऊक होतं. एकट्यानं घड्याळाविरुद्ध सायकल चालवायच्या टप्प्यात वेळ कमवायचा आणि डोंगरात जेवढ्यास तेवढं. १९९२ च्या टूरमध्ये लक्झेंबर्गच्या अशा एका टप्प्यात त्यानं दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला तब्बल तीन मिनिटं मागे टाकलं. बाकीचे तीन आठवडे तो एखाद्या काटकसरी गृहिणीसारखा वागत होता. प्रेक्षकांना कंटाळा आला असेल, पण १९९२ आणि १९९३ अशी दोन्ही वर्षं दोन्ही शर्यती त्याच्या.

पोगाचार काटकसरी नाही, हे त्याची एक शर्यत पाहिलेल्यालाही कळतं. पण २०२४ ची जिरो त्याला स्वस्तात पडली. दुसऱ्याच दिवशी गुलाबी जर्सी, सहा टप्पे आणि शेवटी नऊ मिनिटं छप्पन्न सेकंदांची आघाडी. १९६५ नंतर एवढ्या फरकानं जिरो कुणी जिंकली नव्हती. त्याला शेवटच्या थेंबापर्यंत पिळणारं तिथे कुणी नव्हतं. दुसरीकडे, टूरमधला त्याचा खरा प्रतिस्पर्धी योनास विंगेगार्ड एप्रिलमध्ये बास्क प्रांतातल्या शर्यतीत पडला होता. गळपट्टीचं हाड आणि बरगड्या मोडलेल्या, फुप्फुसाला इजा. तो टूरला आला हेच नवल, आणि दुसरा आला. पोगाचार सहा मिनिटं सतरा सेकंदांनी जिंकला. मी त्याचं श्रेय कमी करत नाही. सप्टेंबरमध्ये झुरिकला तो जगज्जेताही झाला, आणि ही तिहेरी कामगिरी त्याआधी फक्त मर्क्स आणि रोश यांनी केली होती. पण फासे कसे पडले होते तेही सांगायला हवं.

इथे एक अवघड गोष्ट टाळता येत नाही. १९९८ ची ती टूर. गालिबिएचा घाट २६४२ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून जवळजवळ एक किलोमीटर उंच. तिथे पावसात पांतानीनं यान उलरिचला मागे टाकलं आणि दिवसअखेर सुमारे नऊ मिनिटं कमावली. ते दृश्य मी अनेकदा पाहिलंय. पुढे २०१३ मध्ये फ्रान्सच्या सिनेटनं जाहीर केलेल्या अहवालात, त्या टूरच्या साठवलेल्या नमुन्यांमध्ये या दोघांच्याही रक्तवर्धक औषधाचा अंश सापडल्याचं नोंदवलं गेलं. पांतानी तोवर हयात नव्हता. २००४ च्या फेब्रुवारीत रिमिनीच्या एका हॉटेलात त्याचा करुण अंत झाला होता. ते दृश्य आता पाहताना हात टाळीसाठी उचलत नाहीत, पण नजरही हटत नाही.

म्हणून २०२४ मध्ये पोगाचारनं प्लातो द बेय या घाटावर पांतानीची १९९८ ची वेळ तीन मिनिटांहून अधिक फरकानं मोडली, तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. पोगाचारविरुद्ध काहीही सापडलेलं नाही. रस्ता, सायकल, टायर, तासाला शंभर ग्रॅमच्या आसपास पिष्टमय पदार्थ पचवायला शिकवलेलं पोट, आणि घाटाच्या पायथ्यापासूनच धरला गेलेला वेग, अशी कारणं दिली जातात आणि ती मला पटतात. पण दोन शर्यती जिंकणाऱ्याला शंकेचंही ओझं घेऊन चढावं लागतं. आधीच्या पिढीनं हे कर्ज त्याच्या नावावर करून ठेवलंय.

राहता राहिली तिसरी. एकाच वर्षी तिन्ही कुणीही जिंकलेल्या नाहीत. तिन्हींत पहिल्या दहांत येणारे फक्त दोघे, १९५५ मध्ये राफाएल जेमिनियानी आणि १९५७ मध्ये गास्तोने नेन्चिनी. २०१४ मध्ये ओलेग तिंकोव्ह या रशियन संघमालकानं जाहीर केलं होतं की त्या वेळच्या चार बड्या सायकलपटूंनी पुढच्या वर्षी तिन्ही शर्यती खेळाव्यात, मी दहा लाख युरो देतो. पैसे कुणी घेतले नाहीत.

यात मला सर्वांत शिकवून गेला तो अमेरिकेचा सेप कूस. २०२३ मध्ये तो जिरोत प्रिमोझ रोग्लिचचा मदतनीस होता आणि टूरमध्ये विंगेगार्डचा. दोघंही जिंकले. कूस चौदावा आणि बारावा. मदतनीसाला घाटावर आपलं काम संपलं की पाय सैल सोडता येतात. आघाडीवीराला टप्पा संपल्यावर मंचावर जावं लागतं, उत्तेजक चाचणी द्यावी लागते, पत्रकारांपुढे बसावं लागतं. मदतनीस तेवढ्यात मालीश करून जेवायलाही बसलेला असतो. तीन आठवड्यांत या वाचलेल्या तासांची बेरीज करून पाहा.

मग वुएल्टा. सहाव्या दिवशी कूस एका पुढे सुटलेल्या टोळीत गेला. मदतनीसच तो, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही, आणि त्यानं टप्पा जिंकून भरपूर वेळ कमावला. दोन दिवसांनी तांबडी जर्सी त्याच्या अंगावर. सतराव्या दिवशी आंग्लिरूच्या भिंतीसारख्या चढावर त्याचेच दोन नायक, रोग्लिच आणि विंगेगार्ड, त्याला मागे टाकून निघून गेले. शेवटी त्याची आघाडी उरली आठ सेकंदांची. त्या संध्याकाळी संघात काय बोलणं झालं असेल कुणास ठाऊक, पण पुढच्या दिवसांत कुणी त्याच्यावर हल्ला केला नाही. माद्रिदला कूस पहिला, विंगेगार्ड दुसरा, रोग्लिच तिसरा. तीन शर्यती, तीन विजेते, संघ एकच.

विंगेगार्डनं २०२५ मध्ये टूरमध्ये दुसरा येऊन नंतर वुएल्टा जिंकली. टूर जिंकलेला पोगाचार मात्र स्पेनला गेलाच नाही, घरी परतला. त्याच्या या निर्णयाला काही जणांनी नावं ठेवली. मी ठेवली नाहीत. तिन्ही जिंकू शकेल असा एक माणूस आज रस्त्यावर असेल तर तो हाच, आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात त्याचे पाय काय सांगत होते, हे आपल्यापेक्षा त्याला जास्त चांगलं ठाऊक असणार.