रक्तातील गुणसूत्रांची साक्ष

पेडणे वा डिचोली तालुक्यातील एखाद्या गृहस्थास महिनोन् महिने थकवा यावा, डाव्या बरगडीखाली जडपणा वाटावा, तपासणीत पांढऱ्या पेशी लाखावर निघाव्यात, आणि बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात ‘रक्ताचा कर्करोग’ हे शब्द कानी पडताच घरच्यांनी हातपाय गाळावेत, हे स्वाभाविक आहे. परंतु हा एकच रोग नव्हे. त्याचा प्रकार कोणता, याची साक्ष पुष्कळदा गुणसूत्रे देतात.

मनुष्याच्या पेशीत 46 गुणसूत्रे असतात. 1960 साली फिलाडेल्फियात नोवेल व हंगरफोर्ड यांना ‘क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया’च्या रुग्णांत एक विलक्षण लहान गुणसूत्र आढळले. 1973 साली शिकागोच्या जॅनेट राउली यांनी कोडे उलगडले. घरच्या जेवणाच्या टेबलावर त्या छायाचित्रांतील गुणसूत्रे कात्रीने कापून जुळवीत! 9 व 22 क्रमांकांच्या गुणसूत्रांनी आपले तुकडे अदलाबदल केले होते. त्या सांध्यातून उपजणारे प्रथिन पेशींना अखंड वाढावयास लावते.

गुणसूत्र म्हटले की सोयरीक जुळविणारे दचकतात. तसे कारण नाही. हा दोष जन्मानंतर मज्जेतील एका पेशीत उद्भवतो. तो मुलाबाळांकडे जात नाही.

परीक्षा मुख्यतः तीन. पहिलीत पेशी वाढवून, विभाजनाच्या ऐन क्षणी थांबवून सर्व गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ‘फिश’ परीक्षेत चकाकणारे रंगीत खुणेचे तुकडे नेमक्या जागी चिकटवितात; विभाजनाची वाट पाहावी लागत नाही, मात्र जे विचारावे तेवढेच उत्तर मिळते. ‘पीसीआर’ हजारो निरोगी पेशींतील एखादी रोगट पेशीही हुडकते.

पहिल्या परीक्षेस जिवंत पेशी लागतात. म्हणून नमुना औषधोपचार सुरू होण्यापूर्वी, हेपॅरिनच्या नळीत घ्यावा; तो गोठवू नये, उन्हात ठेवू नये. मुंबईसारख्या दूरच्या प्रयोगशाळेत जावयाचा असल्यास वाटेत विलंब नको.

एवढा खटाटोप कशासाठी? 9–22 चा दोष सिद्ध झाला, तर 2001 साली प्रथम मान्यता मिळालेली इमॅटिनिबची गोळी नेमकी त्या प्रथिनावर चालते. पूर्वी बहुधा काही वर्षांतच दगावणारे रुग्ण आता दीर्घकाळ कामधंदा करतात. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला, आणि स्वस्त देशी गोळीची वाट मोकळी राहिली. बरे वाटले म्हणून ती परस्पर बंद करू नये. आरंभी दर तीन महिन्यांनी पीसीआर करून रोग कितपत ओसरला, हे वैद्य पाहतात.