बाभुळगावचे बाबूजी



आज बोलू या धंद्यातल्या धीराबद्दल…
आणि उदाहरण आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातलं.

आपलं बाभुळगाव. कपाशीचं गाव.
१९२३ साली इथं जवाहरलाल दर्डा जन्मले.
लोक त्यांना बाबूजी म्हणत.

'चले जाव'च्या लढ्यात ते तुरुंगात गेले.
सुटून आले… आणि पुढे वर्तमानपत्राच्या धंद्यात पडले.

लोकनायक बापूजी अणे यांनी यवतमाळात 'लोकमत' साप्ताहिक काढलं होतं.
ते बंद पडलं होतं.
बाबूजींनी तेच नाव पुन्हा उभं केलं.

आता ऐका, धीर कसा असतो.
आधी साप्ताहिक.
मग आठवड्यातून दोनदा.
आणि १९७१च्या डिसेंबरात, नागपुरातून… दैनिक.
मधे जवळपास वीस वर्षं गेली!

अन् हा धंदा मोठा नाजूक, बरं का.
सकाळी खपला तर पेपर… दुपारी उरला तर रद्दी.
गठ्ठ्याची गाडी चुकली, की त्या गावाचा अंक वायाच.
उधारीवर फार दिवस चालत नाही.
वाचक रोज नव्यानं ठरवतो, घ्यायचा की नाही.

बाबूजी राजकारणातही होते, मंत्री झाले.
त्यावर मतं वेगळी असतील, असू द्या.
पण घाई न करता धंदा वाढवणं… हे त्यांच्याकडून घ्यावंच.
पुन्हा सांगतो… घाई न करता.

यवतमाळला दर्डा उद्यानात त्यांचं स्मारक आहे, 'प्रेरणास्थळ'.
नवं दुकान टाकणाऱ्या पोरांनो, एकदा जाऊन या.