सिंकवरची फळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला काहीतरी बोला, असे कार्यकारिणीने सुचविले तेव्हा मी चटकन हो म्हटले आणि घरी आल्यावर घाबरले. आपल्या या व्यासपीठावरून डॉक्टरांची, प्राध्यापिकांची भाषणे झालेली आहेत. मी बापडी काय सांगणार? शेवटी ठरविले की, जे स्वतःच्या हाताने केले, त्यात चुकले आणि मग सुधारले, तेवढेच सांगावे. तेव्हा आजचा माझा विषय फार लहान आहे. जेमतेम दीड फूट लांबीचा. स्वयंपाकघरातल्या सिंकवर ठेवण्याची फळी.

हसू नका. तुमच्यापैकी कितीजणींनी पोळ्यांच्या वेळी सिंकच्या तोंडावर परात उपडी घातली आहे आणि तिच्यावर ताट ठेवले आहे, ते हात वर करायला सांगितले तर सगळा सभागृह हात वर करील. ती परात कलंडते, ताट घसरते, आणि आपण कोपराने ते सावरीत पोळी उलटतो. म्हणजे फळीची गरज आपल्याला ठाऊक आहे, फळीच तेवढी आपण करीत नाही.

आमच्या मुलुंडच्या घराचा ओटा साडेसहा फुटांचा आहे. त्यात शेगडी सव्वादोन फूट घेते, सिंक दोन फूट. पाण्याचे फिल्टर आणि मिक्सर मिळून सव्वा फूट. उरले किती? एक फूट. त्या एक फुटावर मी कणीक मळायची, भाजी चिरायची, डबे भरायचे आणि उतरवलेले दूधही ठेवायचे. आपल्या उपनगरांतील बहुतेक घरांचा हिशेब याहून फार निराळा नसेल. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनेत घरे मिळाली, ती आधी २२५ चौरस फुटांची, पुढे २६९ आणि आता ३०० चौरस फुटांची. तेवढ्यात सगळा संसार मांडायचा, तर ओट्याच्या वाट्याला काय येणार?

पण मला ही फळी सुचली ती ओट्याच्या हिशेबामुळे नव्हे, सासूबाईंमुळे. त्यांचे वय आज एक्याऐंशी आहे. त्यांची सगळी हयात घाटकोपरच्या चाळीत, दोन खोल्यांत गेली. तिथे स्वयंपाक जमिनीवर बसून व्हायचा. समोर पोळपाट, उजव्या हाताला डबा, कोपऱ्यात मोरी. जागा कमी होती, पण सगळी जमीन म्हणजेच ओटा होता. चाळ पाडली गेली, त्या आमच्याकडे आल्या, आणि दोन-तीन वर्षांत गुडघ्यांनी असहकार पुकारला. खाली बसता येईना आणि फार वेळ उभेही राहवेना. मी एक उंच स्टूल आणले. त्या स्टुलावर बसत, पण त्यांच्या पुढ्यात ठेवायला माझ्याकडे ओटाच नव्हता. एक दिवस मेथीची जुडी मांडीवर घेऊन त्या बाहेरच्या खोलीत निघाल्या. मी म्हटले, "आई, इथेच बसा ना." त्या म्हणाल्या, "सूनबाई, स्वयंपाकघरात तुझे सगळे आहे. माझ्यापुरती जागा तेवढी नाही." बोलण्यात राग नव्हता. त्यामुळेच ते मला जास्त लागले.

त्याच सुमारास माझी पुतणी ऑस्ट्रेलियातून फोनवर बोलत होती. त्यांनी सुट्टीसाठी चाकांवरचे घर भाड्याने घेतले होते. मोटारीच्या मागे जोडायचे, निजायला फळ्या, कोपऱ्यात एवढेसे स्वयंपाकघर. (आपल्या राज्य सरकारनेही २०२१ साली अशा कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे.) तिने मला ते स्वयंपाकघर दाखविले. मी विचारले, "अग, यात सिंक कुठे आहे?" तिने ओट्याचा एक तुकडा झाकणासारखा उचलला, तर खाली सिंक! भांडी घासायची तेव्हा फळी उचलायची, एरवी तोच ओटा. मला तर आपलेच स्वयंपाकघर गाडीला जोडल्यासारखे वाटले.

नंतर मला वाचनात आढळले की, चाकांवरच्या स्वयंपाकघराकडून घरांनी धडा घेणे हे काही नवे नाही. जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात १९२६ साली कामगारांसाठी वसाहती बांधल्या जात होत्या, तेव्हा मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की या स्त्री-वास्तुशिल्पज्ञेने त्यांच्यासाठी स्वयंपाकघर आखले. रुंदी एक मीटर नव्वद सेंटीमीटर, लांबी तीन मीटर चाळीस, म्हणजे सुमारे सत्तर चौरस फूट. आगगाडीच्या भोजनडब्यातले स्वयंपाकघर एवढ्याशा जागेत इतक्या माणसांचे कसे रांधते, हे त्यांनी पाहिले आणि त्यावरून कल्पना घेतली. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली. गंमत अशी की, तोवर स्वतः आपण कधी संसार चालविला नव्हता, हे बाईंनीच पुढे सांगून टाकले. पण त्यांच्या आराखड्यात एकच बाई धरलेली होती. दुसरी आत आली की तिने उभे कुठे राहायचे, हा आपला प्रश्न तिथे सुटत नाही.

असो. मी सुताराला बोलावले. तो मे महिना होता. त्याने सिंकचे माप घेतले आणि आंब्याच्या लाकडाची फळी अशी तंतोतंत कापून दिली की, सिंकच्या कडेच्या आत ती टपकन बसे. वरून पाहिले तर फट दिसू नये! मी शेजारणींना बोलावून दाखविली. सासूबाई स्टुलावर बसून त्या फळीवर लसूण सोलू लागल्या, आणि मला वाटले, जिंकले.

आषाढात एके दुपारी इमारतीची टाकी धुवायला काढली होती, म्हणून पाणी बंद होते. मी नळ फिरवून पाहिला, पाणी आले नाही, आणि नळ तसाच उघडा राहिला. फळी घालून, वर धुतलेले तांदूळ ठेवून मी बाजारात गेले. तासाभराने पाणी सुरू झाले. ते सिंकमध्ये जावे कसे? सिंकला तर मीच बूच मारले होते. पाणी फळीवरून ओट्यावर, ओट्यावरून पिठाच्या डब्यात, तिथून जमिनीवर. सासूबाई आवाजाने उठून काठी टेकीत आल्या, त्यांचा पाय सरकला, आणि दाराची चौकट हाताशी आली म्हणून त्या वाचल्या. मी परत आले तेव्हा त्या चौकटीला धरून उभ्याच होत्या, आणि खालच्या मजल्यावरच्या बाई दारात. नळ बंद केला, फळी उचलायला गेले तर ती हलेना. लाकूड फुगून घट्ट बसले होते. शेवटी उलथन्याने उचकटून काढली.

चूक सुताराची मुळीच नव्हती. मी सांगितले तसेच त्याने केले होते. मी ती फळी माळ्यावर फेकली आणि पुन्हा असले उद्योग करायचे नाहीत असे ठरविले. तीन आठवडे गेले. मग सासूबाईंनी विचारले, "माझी फळी कुठे ठेवलीस ग?" "माझी" म्हणाल्या त्या.

तेव्हा दुसरी फळी केली. ती कशी केली ते आता नीट सांगते, कारण आज येथून जाताना तुम्ही तेवढे जरी नेले तरी पुष्कळ.

पहिली गोष्ट लाकडाच्या स्वभावाची. लाकूड दमट हवेत फुगते, पण त्याच्या रेषा ज्या दिशेने जातात त्या दिशेने जवळजवळ मुळीच वाढत नाही. वाढते ते रेषांना आडवे. सोळा इंच रुंदीची सागाची फळी उन्हाळ्यापासून भर पावसाळ्यापर्यंत दीड सूत सहज वाढेल, आणि पाणी प्यायली तर जास्तच. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुताराला हेच माप कळते.) आंबा सागाहून अधिक हलतो. म्हणून फळी सिंकच्या कडेच्या आत बसवायचीच नाही. ती ओट्यावर टेकवायची. आमच्या सिंकचे तोंड पुढून मागे सोळा इंच आहे, म्हणून फळी अठरा इंच लांब घेतली. दोन्हीकडे एकेक इंच टेकते. रेषा पुढून मागे जातील अशीच ती कापली. फळी घसरू नये म्हणून खालच्या बाजूला दोन पट्ट्या मारल्या, एक पुढे आणि एक मागे, सिंकच्या तोंडाच्या किंचित आत बसतील अशा. त्या दोन पट्ट्यांमधले अंतर लाकडाच्या रेषांच्या दिशेने असल्यामुळे पावसाळ्यातही बदलत नाही. फळी फुगली तर डावीउजवीकडे फुगते, आणि तिकडे तिला मोकळे रान आहे.

पट्टीला तीन-तीन स्क्रू लावले, पितळी. लोखंडी स्क्रूने ओल्या सागावर काळे डाग पडतात. मधला स्क्रू घट्ट, कडेच्या दोहोंची भोके जरा लांबट ठेवली, म्हणजे लाकडाला हालचालीस वाव राहतो आणि फळी तडकत नाही.

दुसरी गोष्ट नळाची. सिंक वीस इंच लांब आहे, पण फळी रुंदीला चौदाच इंच ठेवली. नळाची धार पडते तेथील सहा इंच कायम उघडे. नळ फिरून उघडा राहिला तरी पाणी आपल्या वाटेने जाईल. तुमचा नळ सिंकच्या मधोमध असेल तर फळीला तिथे हाताचा पंजा जाईल एवढी खाच ठेवा, पण सबंध तोंड झाकू नका. हे मी दोनदा सांगते आहे, कारण सगळ्यांना पुरी झाकलेलीच फळी देखणी वाटते. मलाही वाटली होती.

लाकूड आमचे जुनेच होते. चाळ सुटली तेव्हा मांडणीची एक सागवानी फळी सासूबाईंनी हट्टाने बरोबर आणली होती आणि ती गॅलरीत पडून होती. तिला कधीच रंग लावलेला नव्हता, म्हणून ती घेतली. जुन्या दाराखिडक्यांचे रंगविलेले सागवान भंगारवाल्याकडे मिळते, पण अन्नासाठी ते घेऊ नका. जुन्या रंगांत शिसे असे. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. तो रंग घरात घासून काढला तर शिशाची धूळ सगळीकडे पसरते, आणि लहान मुले असलेल्या घरात तर ती फार वाईट. सागवान नसेल तर दुकानात आयएस ७१० छाप असलेले मरीन प्लायवुड मागा, ते पाण्याला टिकते. मात्र त्याच्या कडा बंद करून घ्या आणि त्यावर थेट कणीक मळू नका, ताट-पोळपाट ठेवा.

फळीला रंधा मारून पाऊण इंच जाडी ठेवली. वजन दोन किलोच्या आसपास भरते. याहून जड केली तर उचलण्याचा कंटाळा येतो, आणि मग घासायची भांडी फळीखाली साचतात. तेल लावले ते जवसाचे, खाण्याचे. खोबरेल कधी वाळत नाही, त्याला खवट वास येतो. जवसाचे वाळून लाकडात मुरते. रंगाच्या दुकानातील उकळलेले जवसाचे तेल नको, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंची द्रव्ये घातलेली असतात. पातळ हात द्यायचा, पुसायचे, दोन-तीन दिवस वाळू द्यायचे, असे चार वेळा. आणि तेलाचे फडके चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. पसरून वाळवा, मग पाण्यात भिजवून टाका.

रोज काम झाले की फळी दोन्ही बाजूंनी धुवायची आणि उभी करून ठेवायची. एकच बाजू ओली राहिली तर ती पन्हळीसारखी वाकते. मासळी-मटणासाठी वेगळा पाट ठेवा. कढई उतरवून फळीवर ठेवू नका. आणि कुणी असलीच फळी शेगडीसाठी करीत असेल तर तिला माझा स्पष्ट विरोध आहे. बर्नर तापलेला आहे की निवाला, हे डोळ्यांना दिसत नाही.

सासूबाईंनी त्यात एकच सुधारणा सुचविली. मटार सोलताना दाणे घरंगळून त्या सहा इंचांच्या उघड्या जागेतून सिंकमध्ये जात. म्हणून फळीच्या त्या बाजूला अर्ध्या इंचाची उभी पट्टी लावली. आता सकाळी त्या स्टुलावर बसून पोळ्या लाटतात आणि मी भाजते. माझ्या पोळ्या जाड होतात, हे त्यांना आता जवळून दिसते.

ज्यांना फळी करून घ्यायची असेल त्यांनी पुढच्या गुरुवारी सिंकचे माप घेऊन यावे. मात्र टेपने घेतलेले माप नको, कारण सिंकचे कोपरे गोल असतात आणि प्रत्येकीचा ओटा थोडाफार तिरपा असतोच. सिंकच्या तोंडावर वर्तमानपत्र पसरा, कडेवरून बोट दाबून घडी उमटवा आणि कात्रीने कापा. नळ कुठे येतो तिथे पेनाने फुली करा, आणि कागदावर आपले नाव घाला, नाहीतर माझ्या घरी सगळ्यांचे कागद एकत्र होतील.