घरची जोडणी, पेढीची जोडणी

(वर्धा येथे व्यापारी व कुटुंबीयांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



सेवाग्राम आश्रमात आपण सारे कधी ना कधी गेलेलो आहोत. तेथे एक जुना दूरध्वनी जपून ठेवलेला आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावे, म्हणून सरकारने तो बसविला होता. आश्रमाची राहणी अत्यंत साधी. तरीही तेथे दूरध्वनी आला, कारण त्यावाचून एक महत्त्वाचे काम अडले असते. आपल्या घरी आणि दुकानी येणाऱ्या इंटरनेटचा विचारही असाच कामावरून करावा, ही माझी विनंती आहे.

२००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट वेगाला ब्रॉडबँड मानले. २०२३ मध्ये ही किमान मर्यादा २ मेगाबिट झाली. आज जाहिरातींत १०० आणि ३०० मेगाबिटचे आकडे असतात. आकडे वाढले, ग्राहक मात्र अजूनही 'स्पीड किती?' एवढेच विचारतो. त्याआधी विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे : ही जोडणी बंद पडली, तर माझे काय थांबेल?

प्रथम घराचा विचार करू. घरातील वापर प्रामुख्याने सायंकाळचा आणि माहिती 'घेण्याचा' असतो. मुलांचा अभ्यास, मालिका, पुण्याला असलेल्या लेकीशी दृश्य-संभाषण. स्पष्ट चित्राच्या एका प्रसारणास साधारण ५ मेगाबिट पुरतात. चार माणसांच्या घरास ४०-५० मेगाबिट पुष्कळ झाले. चित्र अडखळले की आपण महागडी योजना घेतो. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा कोपऱ्यातील कपाटामागे ठेवलेल्या राउटरचा असतो. तो घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवला तर खर्चाविना काम भागते. आणि तासभर जोडणी गेलीच, तर गैरसोय होते, नुकसान होत नाही.

पेढीचे तसे नाही. हिंगणघाटच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकाशी गाठींनी भरलेला ट्रक उभा आहे. ५० हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल राज्याबाहेर न्यावयाचा तर ई-वे बिल लागते. ते निघाले नाही, तर ट्रक, हमाल आणि पुढचा सौदा, सारेच खोळंबते. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयासारख्या संस्थेत नोंदी संगणकावर असतात. तेथे खोळंबा रुग्णाचा होतो.

मी स्वतः कर सल्लागार आहे. काही वर्षांपूर्वी काटकसर म्हणून कार्यालयासाठी घरगुती योजनाच घेतली. महिन्याच्या २० तारखेला, म्हणजे जीएसटी विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी, रस्त्याच्या खोदकामात तार तुटली. मोबाइल लावून पाहिला, तर जवळच्या टॉवरची तारही त्याच चरातून गेलेली! तक्रार केली तेव्हा शांतपणे उत्तर मिळाले, "साहेब, आपली योजना घरगुती आहे." करार काढून वाचला, दुरुस्तीची मुदत त्यात कोठेच नव्हती. विलंब शुल्क पक्षकारांना लागले, ते मी माझ्या खिशातून भरले. पैसा गेला त्याहून विश्वासाला तडा गेला, याची खंत अधिक.

तेव्हापासून मी चार गोष्टी तपासतो. पहिली, दुरुस्तीची लेखी हमी. '९९ टक्के सेवा' ऐकावयास उत्तम वाटते. पण उरलेला एक टक्का म्हणजे वर्षाचे साडेतीन दिवसांहून अधिक. ९९.९ टक्के म्हटले की तेच पावणेनऊ तासांवर येते. दुसरी, वाटेकरी किती? दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००९ मध्ये घरगुती ब्रॉडबँडसाठी एकास पन्नास, तर व्यावसायिकासाठी एकास तीस असे प्रमाण सांगितले होते. लीज्ड लाइन मात्र एकाचीच. दरातील फरकाचे एक मूळ येथे आहे. तिसरी, माहिती 'पाठविण्याचा' वेग. हिशेबाच्या फायली आणि कॅमेऱ्यांचे चित्रण बाहेर जाते ते त्याच्या बळावर. बाहेरून कार्यालयातील संगणकाशी जोडावयाचे असल्यास स्टॅटिक आयपीही मागावा. चौथी, पर्यायी जोडणी. पण ती वेगळ्या मार्गाने आलेली हवी. शिवाय राउटरला इन्व्हर्टरचा आधार हवाच.

याचा अर्थ प्रत्येक दुकानदाराने महाग जोडणी घ्यावी, असा नव्हे. किराणा दुकानात यूपीआयचे पैसे ग्राहकाच्या मोबाइलवरून येतात. पैसे आल्याची ध्वनिपेटी स्वतःच्या सिमवर चालते. तेथे घरगुती योजना पुरेशी आहे. उलट, घरी बसून पुण्या-बंगळूरच्या कंपनीचे काम करणारी आपली मुले-मुली आहेत. त्यांचे घर दिवसा कार्यालयच असते. तेथे निदान दुसरी जोडणी हाताशी असावी. पाटी घराची की दुकानाची, यावर गरज ठरत नाही.

म्हणून आज घरी गेल्यावर एक कागद घ्या. इंटरनेट चार तास बंद राहिले तर काय थांबेल, आणि त्याची झळ कोणाला बसेल, हे लिहून काढा. झळ केवळ आपल्या करमणुकीला असेल, तर पैसा वाचवा. ती ग्राहकाला, कामगाराला, रुग्णाला बसणार असेल, तर तेथे काटकसर करू नका. कारण ती दुसऱ्याच्या खिशातून केलेली काटकसर ठरते.