राहू : छाया आणि श्रद्धा

सहाव्या शतकातील वराहमिहिर गणिती होता आणि दैवज्ञही. बृहत्संहितेत त्याने स्पष्ट म्हटले आहे की, चंद्रग्रहणी चंद्र पृथ्वीच्या छायेत शिरतो, सूर्यग्रहणी तोच सूर्यास झाकतो. राहू हे त्याचे कारण नव्हे. पण शिर तुटलेल्या त्या असुराला त्याने हाकलून मात्र दिले नाही. ग्रहणकाळच्या दानाचा व होमाचा अंश तुला पोहोचेल, असा ब्रह्मदेवाचा वर सांगून त्याची जागा राखली. ही पळवाट म्हणावी काय? नव्हे. ग्रहणाची वेळ गणित सांगते. त्या वेळी स्नान-दान का करावे, हे कथा सांगते. पुढे तोच ग्रंथ ग्रहणांची शुभाशुभ फळे देतो, तेथे आधार श्रद्धेचाच. राहूच्या दशेचे भय घालून शांती करवून घेणाऱ्या ज्योतिष्याने एवढे तरी यजमानास आधी सांगावे.